मुहूर्ताचा नग

ईदच्या दिवशी दुपारी शेजारच्या आरिफाने शीरखुर्म्याचं भांडं आईपुढे धरलं ते डाव्या हाताने. एवढंच झालं. दार उघडं होतं, मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो आणि पेपरावरून मला ते दिसलं. दर ईदला ती हे भांडं आणते. उजव्या हातात भांडं, डावा हात उजव्या कोपराला लावलेला, मोठ्या माणसाला द्यावं तसं. आज उजवा हात पदराखाली होता. आईनेही क्षणभर हात पुढे केला नाही. मग दोन्ही हातांनी भांडं घेत म्हणाली, "आत ये ना बाय, उभी का ऱ्हायलीस?" आरिफा म्हणाली, "नको मावशी, पाहुणे येतील," आणि गेली. कुठले पाहुणे? नवरा अहमद कुवेतला, सासर-माहेर दोन्ही पार अलिबागच्या पलीकडे. मला बसल्या जागी जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. राग आला, आणि कोणाचा आला ते कळेना, म्हणून पेपरचं पान जोरात उलटलं आणि आईला म्हणालो, "दार लाव."

मी भगवान सकपाळ. महाप्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर आहे. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे बघायचं. वेळ चांगली की वाईट हे बघायचं काम माझं नाही. तसा पगारही नाही. लग्न केलेलं नाही, का ते विचारू नका. वाशीच्या सिडको कॉलनीत कंपनीने घेतलेल्या खोल्यांपैकी एकीत मी आणि आई राहतो. कारखाना प्रेशर कुकर बनवतो. आरिफाचा उजवा हात ज्या कुकरने भाजला तो आमच्याच कारखान्यातला, आणि तिच्या घरी गेला तो आमच्या घरातून. सिडकोच्या भिंती म्हणजे जाड पुठ्ठा. तिचं शिवणाचं मशीन सुरू झालं की आमच्या फळीवरचे कप वाजायचे. ब्लाउज, झबली, अख्ख्या सोसायटीच्या साड्यांचे फॉल. सुटीच्या दिवशी मी त्या मशीनला मनसोक्त शिव्या दिल्या आहेत. होळीपासून ते बंद आहे. शांतता पाहिजे होती ना, घ्या शांतता. डॉक्टरांचं म्हणणं, भाजलेली कातडी आवळत चालली आहे, बोटं तळव्याकडे ओढली जाताहेत. ऑपरेशन करायचं तर दिवाळीच्या आत करा, नंतर बोटं सरळ व्हायची नाहीत. ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात व्हायचं होतं आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा एवढाच प्रश्न होता. तेवढा सोडवायला दोन कंपन्या, तीन वकील आणि मधला समुद्र पुरत नव्हता.

आदल्याच दिवशी कंपनीचे वकील दिघे यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. दिघे माणूस मऊ. चहा सांगतात, खुर्ची देतात, आणि मग आपण त्या खुर्चीत का बसलो असं वाटायला लावतात. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, जसं काही मी परवा गावाहून आलोय. कारखाना आधी ब्रॅडकोम्ब नावाच्या इंग्लंडच्या कंपनीचा. सरकारने परदेशी कंपन्यांना जाच लावला तेव्हा ती कंटाळली आणि इथलं चंबूगबाळं विकून निघाली. घेतलं आमच्या रावसाहेबांनी. त्यांच्या कंपनीचं नाव अन्नदा मेटल्स. "पण सकपाळ, नीट ऐका. रावसाहेबांनी कंपनी नाही घेतली. मालमत्ता घेतली. शेड, प्रेस, डाय, ब्रॅडकोम्ब हे नाव वापरायचा हक्क, आणि तुम्ही लोक. मागची देणी, मागच्या तक्रारी, मागचे खराब नग, हे सगळं त्यांच्याकडेच ठेवलं. करारात तसं स्पष्ट आहे." मी म्हटलं, "मग ते देतील." दिघे हसले. "ते कुठे आहेत? इथली शाखा बंद, खातं बंद. तिकडच्या वकिलाचं पत्र आलंय की दसऱ्यापासून आम्ही भारतात काहीच बनवलेलं नाही, आणि नगावर शिक्का अन्नदाचा आहे. आम्ही म्हणतो, शिक्का आमचा असेल, भांडं तुमच्या वेळचं आहे, चीर भांड्याला आहे. आता खेळा." खेळा असंच म्हणाले. मी चहा पीत होतो. चहात साखर जास्त होती.

"बाईच्या वकिलाची नोटीस आली आहे," दिघे पुढे म्हणाले. "दावा लागेलच. तिच्याकडे बिल नाही, गॅरंटी कार्ड नाही. नग तिच्याकडे कसा आला हे सांगणारे तुम्ही एकटे. तुम्ही आमच्या बाजूने उभे राहा आणि एवढंच सांगा, की तो जुन्या मालातला बाद केलेला नग होता, भंगारात चालला होता, तुम्ही मागून नेलात. झालं. जुन्या कंपनीचं भंगार, इंग्लंडात जाऊन भांडा म्हणावं." मी विचारलं, "आणि मुहूर्ताचं?" ते म्हणाले, "कसला मुहूर्त? पूजा ही धार्मिक बाब आहे, उत्पादन नव्हे." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी सहज विचारलं, "खोली कंपनीचीच ना तुमची?" मी म्हटलं, "हो." बरा माणूस आहे, धमकी द्यायचीसुद्धा त्याला लाज वाटते.

मुहूर्त मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. म्हणजे पूजेकडे पाठ करून. गेल्या दसऱ्याला कारखान्याचा ताबा बदलला. दसऱ्याला यंत्रांची पूजा आमच्याकडे इंग्रजांच्या वेळीही व्हायची. गोरा मॅनेजर कपाळाला कुंकू लावून फोटो काढून घ्यायचा. पण या वेळी मालकच मराठी, त्यात नवा, त्यामुळे उत्साहाला ऊत आला होता. झेंडूच्या माळा प्रेसवर, लेथवर, माझ्या पंचिंग मशीनवरसुद्धा. भटजींनी वेळ काढून दिली होती आणि त्या वेळेला नव्या कंपनीचा पहिला नग निघायला हवा होता. आता पत्र्यापासून भांडं व्हायला वेळ लागतो, यंत्र काही मुहूर्त बघून चालत नाही. तेव्हा फोरमन नामदेवने शक्कल काढली. जुन्या कंपनीच्या वेळी दाबून ठेवलेली पाच भांडी रॅकवर होती, त्यांना मुहूर्तावर अन्नदाचा शिक्का मारायचा, झाकण-शिटी बसवायची की नग तयार. मी बौद्ध. पूजेला उभा राहत नाही हे सगळ्यांना माहीत, आणि त्यावरून थट्टाही ठरलेली. "सकपाल, तुमी आसं करा," नामदेव म्हणाला, "तुमी तेवडं घड्याल बघा." सगळे हसले, मीही हसलो. मुहूर्त न मानणारा मीच तेवढा त्या शेडमध्ये मुहूर्ताची वेळ धरून उभा. मागे घंटा, आरती, कापराचा वास आणि त्याच्याखाली तेलाचा. घड्याळाचा काटा वेळेवर आला तसं मी म्हटलं, "झाली वेळ," आणि शिक्क्याचे पाच ठोके पडले. नंतर मागे मोठा हशा उठला. कशाचा ते मला तेव्हा कळलं नाही. मी वळून बघितलं नाही, कारण एकदा पाठ केली की ती शेवटपर्यंत ठेवायची हा माझा स्वभाव आहे.

तो हशा कशाचा हे नामदेवने मला होळीनंतर सांगितलं, कुकर फुटल्यावर. आमच्याकडे प्रत्येक नगात हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडे आले तर चीर आहे, नग बाद. त्या दिवशीही एक जण ती पाच भांडी उचलून टाकीकडे निघाला होता. त्यांच्यावर हळदकुंकू, अक्षता, एकावर तर फूलही चिकटलेलं. नामदेव ओरडला होता, "आरं ए, पूजेचा नग पान्यान बुडवतंस? इसर्जन हाय का काय?" त्यावर तो हशा. आणि ती पाच भांडी टाकीत न जाता तशीच रावसाहेबांच्या टेबलावर गेली. नामदेव तळवलीचा, त्याच्या गावची जमीन कारखान्यांना गेली तेव्हा त्याला ही नोकरी मिळाली. हाताखालून एक खराब नग सोडणार नाही असा माणूस. मला हे सांगताना त्याने आधी तो हशा हसून दाखवला, मग हसता हसता तोंड फिरवलं. "आपन देवाचंच बघलं ना, सकपाल. वायट कुटं क्येलं?" मला त्याची कीव आली आणि चीडही आली, आणि खरं सांगतो, थोडं हसूही आलं. कोणत्या इंग्रजाला हे पटवून देणार होतात तुम्ही? चांगल्या नगांना पाण्यात बुडवतात आणि पवित्र नगांना नाही.

ते पाच नग रावसाहेबांनी पाच जणांना नारळासकट भेट दिले. एक मला. "तुम्ही घड्याळ धरलंत," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. रावसाहेब मनाचे वाईट नाहीत, हीच त्यांची अडचण. मी नग पिशवीत घालून घरी आणला. आईने पिशवीत हात घातला आणि बोटं लाल करून बाहेर काढली. "हे काय आनलंस?" मी म्हटलं, "कुकर. धुऊन घे की." "कुकू लावलाय त्याला. पूजेचा हाय. आपल्यात नको." मी म्हटलं, "अगं अल्युमिनियमचं भांडं आहे, त्याला कसला धर्म?" आई म्हणाली, "भांड्याला नसंल. मला हाय." तिच्यापुढे बोलायची सोय नाही. छप्पन साली मी सात-आठ वर्षांचा असेन. मंडणगडकडच्या आमच्या गावात वडिलांनी, गंगाराम सकपाळांनी, घरातले सगळे देव एका टोपलीत भरले. पितळेचा खंडोबा, टाक, म्हसोबाचा शेंदरी दगड. नदीवर नेऊन टोपली पालथी केली. मला वाटलं होतं काहीतरी होईल, गडगडेल, निदान पाणी लाल होईल. शेंदूर थोडा वेळ तरंगला आणि गेला. वडील म्हणाले, "सुटलो." घरी येताना ते शीळ घालत होते. मी त्यांना आधी किंवा नंतर कधी शीळ घालताना ऐकलं नाही.

सुटलो कसले. दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर तोच काठ आणि तीच माणसं. आम्ही देव टाकले, नाव बदललं, घरात फोटो बदलला. गाव म्हणालं, तुम्ही काय वाटेल ते टाका, आमच्या लेखी तुम्ही तेच. जे आमचं होतं ते आम्ही टाकू शकलो, आणि जे लोकांनी आमच्यावर टाकलं होतं ते नदी घेईना. हे मला दिघ्यांच्या केबिनमध्ये आठवलं, गोड चहा पिताना, आणि मला त्यांचा हेवा वाटला. काय लोक आहेत! एक कागद करतात आणि मागचं सगळं समुद्रापलीकडे राहतं. शेड इकडे, यंत्र इकडे, नाव इकडे, नफा इकडे, आणि चीर तेवढी तिकडे. आमच्या वडिलांना असा वकील मिळायला हवा होता. आणखी गंमत म्हणजे त्याच करारात आम्हा कामगारांची नोकरी मात्र पहिल्यापासून मोजून घेतली होती. माझी इंग्रजांकडची सगळी वर्षं अन्नदाने आपली मानली. माझा भूतकाळ घेतला, भांड्याचा नाही घेतला. मला टाकीत बुडवून बघितलं असेल कदाचित.

तर आई म्हणाली, आपल्यात नको, आणि मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं, कारण नवीकोरी वस्तू फेकून द्यायची तिची जात नाही. तिने कुकर घासूनपुसून लख्ख केला आणि आरिफाला नेऊन दिला. आरिफाकडे कुकर नव्हता. अहमद कुवेतहून टेपरेकॉर्डर आणणारा माणूस, कुकर नाही. तिला पूजेचं काही कळवायची गरजच नव्हती, पण आईने सांगितलं. आरिफा म्हणाली, "मावशी, धुतला ना? मग बस." खूश झाली. दर दोन दिवसांनी भिंतीपलीकडून शिटी यायची आणि आई मोजायची, म्हणायची, "आज चवळी हाय तिच्याकडं." आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी शिटी आलीच नाही. आधी एक लांबट सुस्कारा, मग असा आवाज की आमच्या फळीवरचे कप खाली आले. मी पहिल्यांदा बघितले ते कप. किती फुटले, किती राहिले. माणूस पहिल्यांदा काय बघतो त्यावर त्याचा इलाज नसतो. मग तिचं ओरडणं नाही, तर एकसारखं "या अल्ला, या अल्ला" असं अगदी हळू, जणू कोणी झोपलंय आणि उठायला नको. आत गेलो तेव्हा डाळ छतावर होती. ठिबकत होती. ती ओट्याला टेकून हात पुढे धरून उभी होती, आणि हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तिला टॅक्सीत घालून नेलं. वाटेत ती दोनदा म्हणाली, "मी झाकण नीट लावलेलं, भगवानभाई." मी म्हटलं, "हो." खाडीचा वास येत होता, आणि त्याच्यावर बेलापूर रस्त्याच्या केमिकल कंपन्यांचा तो गोडसर घाणेरडा वास, आणि डाळीचा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी रावसाहेबांकडे गेलो. कशाला गेलो, मलाही ठाऊक नाही. डाव्या हाताने धरलेलं ते भांडं डोळ्यांपुढून हलेना म्हणून गेलो, असं समजा. ते एकटेच होते. मी म्हटलं, "साहेब, दावा-बिवा राहू दे. त्या बाईच्या ऑपरेशनचं तेवढं बघता आलं तर." त्यांनी चष्मा काढला. "सकपाळ, मी आजच्या आज करीन. माझी सून त्याच वयाची आहे. पण दिघे म्हणतात, एक पैसा दिलात की कबूल केल्यासारखं होतं. मग उद्या इंग्रजांच्या वेळचा प्रत्येक नग माझ्या दारात. मी यंत्रं घेतली हो, पाप नाही घेतलं." मी म्हटलं, "बरोबर आहे." ते म्हणाले, "मला द्यायचंय आणि देता येत नाही, ही काय कमी शिक्षा आहे?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या क्षणी मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. त्यांच्या मागे गणपती होता, फुलं ताजी होती. मी "येतो साहेब" म्हणून बाहेर आलो. पहिल्या पाळीची माणसं निघत होती, माझ्या मशीनमध्ये कार्ड घालून, खट् खट्. प्रत्येक जण जाताना माझ्याकडे बघून मान हलवतो. ती माणसं तीच, त्याच प्रेसवर, इंग्रजांच्याही वेळी आणि आताही. त्यांच्यातल्या कोणाच्या हाताला कळलं असेल का, की आपला मालक बदलला?

घरी आलो तर आरिफा आईपाशी बसली होती. मला बघून उठली. आई म्हणाली, "बस ग. बोल त्याला काय ते. मला बोललीस ना?" आरिफा म्हणाली, "राहू दे मावशी." मग मीच म्हटलं, "वकील काय म्हणतो?" ती खाली बघून बोलायला लागली. "ते बोलतात, दोन्ही कंपन्या एकमेकांवर ढकलणार. इंग्लंडवाल्यांना तर पकडायचं कुठे? अन्नदावाले बोलणार, आमचा हिचा संबंध काय, आम्ही हिला विकलाच नाय. ते बोलतात, ज्याने तुमच्या हातात दिला त्याचं नाव घालावं लागेल." मग म्हणाली, "तुमचं. तिसरं नाव. मग तुम्हाला कोर्टात सांगावंच लागेल तुम्हाला कोणी दिला, कधी दिला. तुम्ही कंपनीचे साक्षीदार झालात तर ते शिकवतील तसं बोलाल, असं वकील बोलतात. मी नाय बोलले. मी त्यांना बोलले, माझ्या शेजाऱ्यावर मी केस नाय करणार. मला हात नको."

मला हात नको. असं म्हणताना तिने तो पदराखालून काढला नाही, पण पदराखाली तो हलला. आईने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल काढत होतो, आणि एका पायातली काढून दुसऱ्या पायातली काढायची राहून गेली, तसाच उभा. मला काय वाटलं ते सांगू? भीती वाटली, दुसरं काही नाही. खोली गेली असं वाटलं. आईला घेऊन मंडणगडला परत, त्याच विहिरीच्या काठाला. टाइमकीपरला दुसरीकडे कोण घेतो, त्यात मालकाला कोर्टात खेचलेला? आणि वर दाव्याचा निकाल माझ्यावरच लागला तर? कायद्याने मीच तिला दिला, मीच शेवटचा. समुद्रापलीकडे टाकायला माझ्यामागे काही नाही, माझ्यापुढे फक्त आरिफा. गप्प राहिलो असतो तर ती गेली असती. ती गेलीच असती, आणि पुढच्या ईदला पुन्हा भांडं घेऊन आली असती, कसल्याही तक्रारीशिवाय. हे मला सहन होईना. तिने मला शिव्या घातल्या असत्या, दारात उभं राहून सोसायटी गोळा केली असती, तर मी कदाचित दिघ्यांच्याच बाजूला गेलो असतो.

"मग माझं नाव घाल," आई मध्येच म्हणाली. "त्यानं कुटं दिला? देताना मी दिला. बायजाबाई गंगाराम सकपाळ. लिव म्हनावं." आरिफा रडायला लागली आणि हसायलाही. "मावशी, तुम्हाला कोर्टात नेऊ मी?" "न्ये की. काय खातात काय? मी सांगेन त्यास्नी, कुकू लावलेलं पाठवलंत ते पाठवलंत, वर बुडवून बी बघितलं न्हाई." मी म्हटलं, "आई, गप. तो कुकर मला मिळाला होता, तुला नाही." माझा आवाज चढला होता. मग मी दुसरी चप्पल काढली आणि आरिफाला म्हणालो, "घाल माझं नाव." ती म्हणाली, "नोकरी, भगवानभाई?" मी म्हटलं, "ते मी बघतो. तू वकिलाला उद्याच सांग, दिवाळी जवळ आली." उगाच मोठा वीर असल्यासारखा बोललो. रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलंही नाही का ते.

दिघ्यांना मी सांगून टाकलं की मी तुमचा साक्षीदार नाही. त्यांनी चहा सांगितला नाही. नामदेवला सांगितलं की टाकीचं मी बोलणार, तेव्हा तुझं नाव निघेल. तो हात पुसत म्हणाला, "काडा. मी बी येन. मीच वरडलो व्हतो." मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तसं करत नाहीत.

बेलिफ आला तो भर दुपारी, पाळी बदलताना. फाटकाशी पहिली केबिन माझी, त्यामुळे कोणीही आलं की आधी मला विचारतं. काखेत छत्री, हातात समन्स. घामाघूम झाला होता. महाप्याच्या स्टॉपवरून चालत आला असणार. "ब्रॅडकोम्ब कंपनी हीच ना?" मी म्हटलं, "होती. आता नाही. इंग्लंडात असते." त्याने डोक्याला हात लावला, कागदावर काहीतरी खरडलं. "मग अन्नदा मेटल्स?" मी त्याला ऑफिस दाखवलं. तो आत गेला आणि थोड्याच वेळात परत आला. दिघेसाहेब नाहीत, रावसाहेब नाहीत, आणि त्यांच्याशिवाय घ्यायचा अधिकार कोणाला नाही. पुन्हा या म्हणाले. "पुन्हा या," बेलिफ मला म्हणाला, "यांच्या बापाची बस आहे का?" माझ्या मागे नामदेव उभा होता, कार्ड घालायला आलेली माणसं उभी होती, मशीन खट् खट् वाजत होतं. बेलिफाने तिसरा कागद उलगडला, डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने वाचला, "भगवान गंगाराम सकपाळ. हा तरी आहे का इथे? का तोही विकला?"

"मी," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. विश्वास बसेना बहुतेक. "तुम्ही? स्वतः?"

"हो, मीच. द्या इकडे."

मी सही केली. सही वाकडी आली. बेलिफाने आपली प्रत घडी करून खिशात घातली, माझ्या माठातलं पाणी मागून घेतलं, दोन ग्लास पाठोपाठ प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "बरं झालं बाबा. तिघांत एक तरी सापडला."